मासा पायाखालीच असतो : धक्क्यावरच्या गळाविषयी वाचकांचे प्रश्न

धक्क्यावरून गळ टाकायला नुकतीच सुरुवात केलेल्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी निम्म्याहून अधिक पत्रांमागे समजूत एकच आहे: मासा लांब असतो, म्हणून गळही लांब जायला हवा. पुळणीवर उभं राहून गळ टाकताना ते थोडंफार खरं आहे. धक्क्यावर मात्र तुम्ही आधीच खोल पाण्यावर उभे असता. तिथे खरी पंचाईत होते ती उंचीची.

प्रश्न : नऊ फुटी काठी घेतली. सरावाने गळ साठ-सत्तर मीटर जातो, तरी तीन वेळा जाऊन एक मासा लागला नाही. शेजारी एक आजोबा नुसती दोरी हातात धरून पायाखाली सोडतात आणि त्यांच्या बादलीत दहा-बारा मासे असतात. माझं काय चुकतंय?

आजोबांचं बघून गळ जवळ टाका, बाकी फार काही चुकत नाहीये. धक्क्याच्या खांबांवर शिंपले, कालवं, बार्नॅकल (धारदार कवचाचे बारके जीव) चिकटलेले असतात. त्यांच्या फटींत किडे, बारके खेकडे आणि झिंगे राहतात. ते खायला लहान मासे येतात, लहानांच्या मागे मोठे. वर सावली आणि प्रवाहापासून आडोसा फुकट. साठ मीटरवर बहुतेक ठिकाणी सपाट वाळू नाहीतर चिखल असतो. मासा तिथूनही जातो, पण थांबत नाही.

पुढच्या वेळी पहिली दहा मिनिटं काठी पिशवीतून काढूच नका. कठड्यावरून खाली बघा. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होऊन आतलं बरंच दिसतं. कोणत्या खांबाशी बारके मासे घुटमळतायत, पाण्याचा रंग कुठे गडद होतोय (म्हणजे तिथे खोली वाढतेय) आणि फेस, पानं, काड्या कोणत्या दिशेला वाहतायत, एवढं पाहिलं तरी पुरे. प्रवाह धक्क्याखालून जाऊन ज्या बाजूने बाहेर पडतो, त्या बाजूच्या कठड्याशी उभे राहा. खांबांच्या मागे पाणी तिथे मंद फिरतं, मासा विसावतो, आणि तुमची दोरी खांबांपासून दूर वाहत जाते. उलट बाजूला उभे राहिलात तर प्रवाह गळ थेट धक्क्याखाली नेऊन खांबात गुंतवणार, हे ठरलेलं.

आता रिळाची बेल, म्हणजे दोरी अडवणारी तारेची कमान, उघडा, दोरी बोटावर धरून शिसं हळूहळू खाली सोडा. दोरी एकदम ढिली पडली की शिसं तळाला टेकलं. बेल बंद करून हँडलचा अर्धा फेरा गुंडाळा, म्हणजे दोरी जेमतेम ताठ होईल. दहा मिनिटांत टिचकी (माशाने आमिष ओढल्याचा हिसका) आली नाही तर मीटरभर वर घ्या, मग पाण्याच्या मध्यावर, तरीही नाही तर पुढचा खांब. एकाच जागी चार तास बसणाऱ्याला मासा भेटला तर ती माशाची मेहरबानी.

लांब टाकायचं ते एकाच वेळी: वरच्या पाण्यात बांगड्याचा किंवा टोळ माशांचा थवा उसळ्या मारताना स्पष्ट दिसला तर.

प्रश्न : सुरुवातीला नेमकं काय सामान घ्यावं? दुकानातली यादी संपतच नाही.

काठी सात ते नऊ फूट, मध्यम ताकदीची. त्याहून लांब काठी कठड्यापाशी आणि माणसांच्या गर्दीत फिरवता येत नाही. सहा फुटांपेक्षा आखूड असेल तर मासा कठड्याखाली किंवा खांबाकडे शिरताना दोरी बाहेर धरता येत नाही. रीळ साधं स्पिनिंग, ३००० ते ४००० क्रमांकाचं. दोरी नायलॉनची, म्हणजे तंगुसाची, ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीची, दीडशे-दोनशे मीटर. विणलेली ब्रेडेड दोरी तेवढ्याच ताकदीला कितीतरी बारीक असते आणि टिचकी छान कळवते, पण बार्नॅकलच्या धारेवर घासली की क्षणात तुटते आणि ओढताना बोटंही कापते. धक्क्यावर नवख्याने नायलॉनच वापरावं असं आमचं मत. ते थोडं ताणतं, त्यामुळे तुमच्या हाताच्या चुका पोटात घालतं.

रिळावर दोरी कडेपर्यंत भरू नका. काठापासून दोन मिलिमीटर जागा सोडा. जास्त भरली तर वेटोळी आपोआप सुटून गुंता होतो, फार कमी भरली तर दोरी काठावर घासून गळ जवळच पडतो.

ड्रॅग म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरी किती जोराला सुटावी हे ठरवणारा रिळाचा ब्रेक. तो किती आवळायचा हे अंदाजाने ठरवू नका. दोरी काठीच्या सगळ्या कड्यांतून ओवून टोक स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधा, काठी वाकवून ओढा आणि दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई वजनाला रीळ सुटेल इतका ड्रॅग ठेवा. दोरी ६ किलोची असेल तर दीड ते दोन किलो. घट्ट ड्रॅग म्हणजे जोर नव्हे, माशाच्या पहिल्याच धडकीला दोरी तुटण्याची सोय.

उरलेलं सामान: लांब नाकाचा पक्कड, कात्री, जुना टॉवेल, पाच-सहा स्विव्हल (दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायच्या फिरत्या कड्या), दोरीने खाली सोडायची गोल जाळी. जाळीबद्दल पुढे बोलूच, कारण लोक सगळं घेतात आणि नेमकी तीच विसरतात.

प्रश्न : गळांचे क्रमांक कळत नाहीत. १० नंबर मोठा की २ नंबर?

२ नंबर मोठा. साध्या क्रमांकांत आकडा जितका मोठा तितका गळ लहान: १० लहान, ६ त्याहून मोठा, २ आणखी मोठा, मग १. त्यानंतर मोजणी उलटते. १/० हा १ पेक्षा मोठा, २/० त्याहून मोठा. धक्क्यावरच्या बारक्या माशांसाठी ८ ते ६, अर्धा-एक किलोच्या माशासाठी १ ते २/० पुरतो. मोठ्या गळाला लहान मासा लागत नाही. लहान गळाला मात्र मोठा मासाही लागतो. शंका असेल तेव्हा लहान बांधा.

आणि गाठ नीट बांधा. दोरीचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवून दहा-बारा सेंटीमीटर बाहेर काढा. ते मुख्य दोरीभोवती पाच वेढे गुंडाळा. नेढ्याला लागून जो छोटा फासा उरलाय त्यातून टोक घाला, आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फाशातून पुन्हा एकदा. आता थुंकीने ओलं करून मुख्य दोरी सावकाश ओढा. वेढे एकाला एक चिकटून स्प्रिंगसारखे बसले पाहिजेत. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं. वेढे एकमेकांवर चढलेले दिसले तर गाठ कापून टाका, दुसरी बांधा. उरलेलं टोक दोन मिलिमीटर ठेवून छाटा.

प्रश्न : दर वेळी पाच-सहा शिशी तळाला अडकून जातात. मासे मिळोत न मिळोत, समुद्रात शिसं पेरणं चालू आहे.

दोन गोष्टी तपासा: शिसं दोरीला कसं बांधलंय आणि तुम्ही ते तळावरून फरफटवत आणता का.

बांधणी अशी करा. ०.५० मिलिमीटरच्या जाड नायलॉनचा मीटरभर तुकडा घ्या, वरच्या टोकाला स्विव्हल. खालच्या टोकापासून तीस सेंटीमीटरवर एक फांदी, तिच्या वर चाळीस सेंटीमीटरवर दुसरी. प्रत्येक फांदी पंधरा सेंटीमीटरची आणि तिच्या टोकाला गळ. दोन फांद्यांची लांबी मिळून मधल्या अंतरापेक्षा कमी आहे, म्हणून गळ एकमेकांत अडकत नाहीत. आता खाली शिसं बांधताना जाड दोरी वापरू नका, ०.२० ते ०.२५ मिलिमीटरचा वीतभर बारीक तुकडा मध्ये घाला. शिसं कपारीत रुतलं तर तोच तुकडा तुटेल. गळ, फांद्या आणि लागलेला मासा सगळं वर येईल. अशा बांधणीने जोरात फेकू मात्र नका, बारीक तुकडा हवेतच तुटून शिसं गोळीसारखं सुटतं. पायाखाली सोडायला ती उत्तम.

शिशाचा आकारही बघा. पिरॅमिडच्या आकाराचं शिसं वाळूत, चिखलात रुतून राहतं. खडकाळ तळावर तेच कोपऱ्यांनी अडकतं. खांबाशी सरळ सोडायला नासपतीच्या आकाराचं २० ते ४० ग्रॅमचं बरं. प्रवाह जोरात असेल तर ६०, ८० असं वाढवत जा, पण तळाला टिकेल इतकंच. गुंडाळताना काठी उंच धरून पहिले दहा-पंधरा फेरे भराभर फिरवा, म्हणजे शिसं तळ सोडून वर उठेल.

तरी अडकलंच तर पहिल्या झटक्यात ते आणखी रुततं, म्हणून झटका देऊ नका. दोरी दोन मिनिटं ढिली सोडा. प्रवाह कधीकधी स्वतःच सोडवतो. मग कठड्याने दहा-पंधरा पावलं चालत जाऊन उलट कोनातून ओढून बघा. नाहीच सुटलं तर दोरी ताठ करा, मधोमध दोन बोटांनी धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी ताणा आणि एकदम सोडा. तीन-चार वेळा असं केल्यावर बरेचदा निघतं. शेवटचा उपाय म्हणजे तोडणं. त्यासाठी काठी वाकवू नका. काठी दोरीच्या रेषेत सरळ धरा किंवा टॉवेल गुंडाळलेल्या लाकडी दांड्यावर दोरीचे चार वेढे घेऊन मागे चालत जा. तोंड दुसरीकडे वळवलेलं असू द्या आणि दोरीच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका. ताणलेल्या नायलॉनने परत फेकलेलं शिसं डोळा घेऊ शकतं.

प्रश्न : टिचक्या भरपूर येतात, वर काढलं की नुसता गळ. कोळंबी गायब.

बारके मासे आमिष कुरतडतायत आणि तुमचा गळ त्यांच्या तोंडात मावत नाही. गळ ८ किंवा १० चा करा आणि आमिष करंगळीच्या नखाएवढं लावा. अख्खी कोळंबी लावणं म्हणजे पंगत वाढून ठेवणं.

मोठ्या माशासाठी कोळंबी लावायची असेल तर डोकं मोडून काढा. शेपटीकडच्या टोकातून गळ घालून तिच्या बाकाच्या दिशेनेच सरकवत न्या, म्हणजे ती गळावर सरळ न ताणता स्वतःच्या वळणात बसते. टोक बाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसू द्या. मांसात बुडालेलं टोक माशाच्या जबड्यात शिरत नाही. वरून बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे आठ-दहा वेढे घ्या. आदल्या रात्री सोललेली कोळंबी जाड मिठात घालून ठेवली तर तिचं पाणी सुटून मांस चिवट होतं आणि गळावर दुप्पट वेळ टिकतं. बर्फात गोठवून पुन्हा वितळवलेली कोळंबी मऊ पडते, तिला तर मीठ हवंच.

सगळ्यात चिवट आमिष माकूळ. पाच-सहा सेंटीमीटर लांब, बोटभर रुंद पट्टी कापा आणि फक्त एका टोकाला गळ दोनदा ओवा. उरलेली पट्टी पाण्यात फडफडली पाहिजे. गळावर तिची घडी घालून गोळा केलात तर मासा ढुंकून बघत नाही.

दर पंधरा मिनिटांनी आमिष तपासा. आणि पहिल्या टिचकीला काठी उडवू नका. टक्‌-टक्‌ म्हणजे मासा चाखतोय. काठीचं टोक वाकून वाकलेलंच राहिलं, की उचला. वर्तुळाकार, टोक आत वळलेला सर्कल गळ लावला असेल तर झटका अजिबात द्यायचा नाही, नुसतं गुंडाळत राहायचं. तो फिरून जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो.

प्रश्न : कोणत्या वेळी जावं? सकाळ की संध्याकाळ?

आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, मग घड्याळ. पाणी हलत असताना मासा खातो. थांबलं की बहुतेक मासे तोंड मिटतात. नवख्याने धरून चालावं अशी वेळ म्हणजे पूर्ण भरतीच्या दोन तास आधीपासून तासभर नंतरपर्यंत. ही वेळ पहाट किंवा सूर्यास्ताला जुळली तर सोन्याहून पिवळं.

दिवसाला दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यांवर पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. चढायला लागणारे साधारण सहा तास घ्या आणि चढ बारा भागांत वाटा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा एकूण ३ मीटर पाणी चढणार आहे. पहिल्या तासात ते जेमतेम २५ सेंटीमीटर चढेल, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दर तासाला ७५. प्रवाह तेव्हाच सगळ्यात जोरात असतो आणि ४० ग्रॅमचं शिसं तेव्हाच उडून जातं. वजन वाढवायची वेळ यावरून कळते.

आजच्या भरतीची वेळ माहीत असेल तर उद्याची सुमारे ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं-उतरतं आणि प्रवाह तुफान. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी शांत. जुनेजाणते उधाणाला प्राधान्य देतात. पहिल्या चार-पाच फेऱ्या तुम्ही भांगाला करा. दोरी सरळ खाली राहते आणि टिचकी कोणती, प्रवाहाची थरथर कोणती, हे हाताला शिकता येतं.

प्रश्न : तासाभरात एकच मोठा मासा लागला, दमवून पाण्यावर आणला, कठड्यापर्यंत उचलताना दोरी तुटली. दोरी ८ किलोची आणि मासा फार तर अडीच किलोचा असेल. मग तुटली कशी?

या महिन्यात याच दुःखाची सर्वाधिक पत्रं आली.

पाण्यात माशाला जवळजवळ वजनच नसतं. पाणी त्याला तोलून धरतं. तिथे तुम्ही झुंजत असता ते फक्त त्याच्या पोहण्याच्या जोराशी. पाण्याबाहेर निघताक्षणी अडीच किलो हे पूर्ण अडीच किलो होतात. त्यात मासा हवेत शेपूट झाडतो. प्रत्येक झटक्याचा ताण वजनाच्या कितीतरी पट. शिवाय तोवर गळाजवळची दोरी माशाच्या दातांवर, खांबांवर घासून खरवडलेली असते, आणि गाठ तर दोरीपेक्षा कमजोर असतेच. दोरी टिकली तरी ओठात गळाने पाडलेलं भोक फाटून मासा सुटतो. आणि काठी उभी धरून उचलायला गेलात तर सगळं वजन टोकाच्या वीतभर भागावर येऊन काठीच मोडते.

म्हणून पाव किलोपेक्षा मोठा मासा दोरीने उचलायचाच नाही. जाळी हवी. पाऊण मीटर व्यासाचं कडं, खाली उथळ जाळं, कड्याला तीन-चार ठिकाणी बांधून वर एकत्र आणलेल्या दोऱ्या आणि त्यांना जोडलेली एक जाड दोरी. तिची लांबी ओहोटीच्या वेळच्या धक्क्याच्या उंचीपेक्षा तीन मीटर जास्त घ्या. भरतीला मोजून घेतलेली दोरी ओहोटीला पाण्याच्या हातभर वर लोंबकळत राहते. वरचं टोक आधीच कठड्याला बांधून ठेवा, कारण घाईत अख्खी जाळी दोरीसकट पाण्यात जाते. जाळी तरंगत असेल तर कड्याला समोरासमोर शिशाची दोन वजनं बांधा.

मासा लागला की तो आधी खांबांकडे धावतो. काठी बाहेरच्या बाजूला आडवी करून त्याला मोकळ्या पाण्याकडे वळवा. मासा दोरी ओढत असताना हँडल फिरवू नका. काठी सावकाश वर, मग खाली आणताना गुंडाळणं, पुन्हा वर. घाई नको. मासा कुशीवर पडून पांढरं पोट दाखवेपर्यंत जाळीला हात लावायचा नाही. ताज्या दमाच्या माशाला जाळी दिसली की तो खाली बुडी मारतो आणि दोरी कड्यात अडकते.

साथीदार प्रवाहाच्या खालच्या अंगाला, दोन-तीन पावलांवर उभा करा. त्याने जाळी पाण्यात अर्धा मीटर बुडवून स्थिर धरायची. जाळीने माशाचा पाठलाग करायचा नाही. तुम्ही प्रवाहाबरोबर मासा डोक्याकडून तिच्यावर आणायचा. मासा कड्याच्या आत आला की साथीदाराने हातावर हात टाकत न थांबता ओढायचं, आणि तुम्ही त्याच क्षणी बेल उघडायची. हे विसरलात तर जाळी वर येताना ताठ दोरी माशाला तिच्यातून बाहेर खेचते.

एकटे असाल तर जमतं, पण सराव हवा. पाण्याने अर्धी भरलेली झाकणबंद बाटली दोरीला बांधून पाण्यात सोडा. काठी डाव्या काखेत धरा आणि उजव्या हाताने जाळी तिच्याखाली न्या. चार-पाचदा केलं की हाताला कळतं. बघणारे हसतील, हसू द्या.

प्रश्न : दोरी सतत पीळ खाऊन वेटोळी होते. रीळ खराब आहे का?

बहुधा नाही. ड्रॅग सुटत असताना, म्हणजे मासा दोरी ओढत असताना, हँडल फिरवलंत की प्रत्येक फेऱ्याला दोरीत पीळ पडतो. दुसरं कारण, बेल हँडलच्या झटक्याने बंद करणं. ती हाताने बंद करा आणि पहिला फेरा दोरी बोटांत ताणून गुंडाळा. पडलेला पीळ काढायला धक्क्यासारखी जागा नाही. गळ, शिसं, स्विव्हल सगळं कापून टाका आणि आसपास बोट किंवा दुसऱ्याची दोरी नाही हे बघून पन्नास मीटर मोकळी दोरी प्रवाहात सोडा. पाच मिनिटं राहू द्या, मग ओल्या फडक्यातून दाबत गुंडाळा.

प्रश्न : माझी दोरी शेजाऱ्यांच्या दोरीत गुंतते आणि भांडण होतं.

शेजाऱ्यापासून किमान तीन-चार मीटर अंतर, गळ सरळ समोर, आणि प्रवाह असेल तर सगळ्यांचं शिसं साधारण एकाच वजनाचं. हलकं शिसं वाहत जाऊन जड शिसंवाल्याच्या दोरीवर बसतं, चूक हलक्याची. कुणाला मोठा मासा लागला की न सांगता आपला गळ वर काढायचा. डोक्यावरून फेकण्याआधी मागे वळून बघायचं, प्रत्येक वेळी. गर्दीत फेकूच नका, खाली सोडा.

प्रश्न : रात्री दिव्याखाली मासे दिसतात, पण गळाला येत नाहीत.

दिव्याच्या उजेडात दिसतात ते बारके. त्यांना खाणारे उजेडाच्या कडेला, अंधारात उभे असतात. गळ उजेड आणि सावलीच्या सीमारेषेवर सोडा. डोक्याला बांधायचा दिवा पाण्यावर मारू नका, त्याने जमलेला थवा पांगतो. आमिष लावायला लाल उजेड पुरे.

प्रश्न : कोणत्या माशांना हात लावू नये?

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांशी एकेक असे तीन दातेरी काटे असतात आणि ते ताठ करून तो अडकवून ठेवतो. त्याचा गळ पक्कडीनेच काढा. पाकट वर घेऊच नका; शेपटीवरचा काटा विषारी असतो, पाण्यापाशीच दोरी कापा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, तीस ते नव्वद मिनिटं बुडवून ठेवल्याने वेदना उतरतात. चटका बसेल इतकं गरम नको. नंतर डॉक्टर. छातीत किंवा पोटात काटा घुसला असेल तर तो उपसून काढायचा नाही, तसंच रुग्णालयात न्यायचं. फुगणारा केंड शिजवूनही खाऊ नये. त्याच्यातलं टेट्रोडोटॉक्सिन शिजवल्याने जात नाही. जो मासा ओळखता येत नाही तो विषारी समजून वागा.

गळ बोटात रुतण्याची भीती असेल, विशेषतः मुलं सोबत असतील, तर गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करून टाका. दोरी ताठ ठेवली तर मासे फारसे सुटत नाहीत आणि बोटातला गळ आल्या वाटेने निघतो. डोळ्याजवळ रुतलेल्या गळाला मात्र हात लावू नका. गळ कुठेही रुतला तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख आठवा.

ढग गडगडले की काठी आडवी ठेवून धक्का सोडा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते.

प्रश्न : पकडलेले मासे बादलीतल्या पाण्यात ठेवले तर चालतं ना?

उन्हातल्या बादलीत पाणी तापतं, प्राणवायू संपतो, मासा मरतो आणि तिथेच नासायला लागतो. दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी असा गारढोण काला करून त्यात ठेवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा तो माशाला सगळीकडून लागतो. बांगडा, तारली अशा माशांत उष्णतेने हिस्टॅमिन तयार होतं आणि तेही शिजवून जात नाही. ठेवायचा नसलेला मासा लगेच सोडा. हात ओले करून धरा, गळ घशात खोल असेल तर उपटू नका, दोरी तोंडाशी कापा. परवाना, माशाचा किमान आकार, बंदी असलेल्या जाती हे नियम जागोजाग वेगळे असतात. त्या धक्क्याची व्यवस्था बघणाऱ्यांना आधी विचारा आणि मोजपट्टी जवळ ठेवा.

प्रश्न : रीळ सहा महिन्यांत गंजलं. रोज नळाखाली जोरात धूत होतो.

जोरात धुतलंत म्हणूनच. धारेच्या दाबाने मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग पूर्ण आवळा, गोड्या पाण्याची मंद धार सोडा, फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. वाळल्यावर ड्रॅग ढिला करून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात.

प्रश्न : गळाला कुरव पक्षी अडकला. घाबरून मी दोरी कापली आणि तो उडून गेला. बरोबर केलं का?

दोरी कापायला नको होती. लोंबणारी दोरी घेऊन पक्षी झाडावर किंवा तारेवर बसतो आणि तिथेच गुंततो. सावकाश गुंडाळून त्याला धक्क्याखाली आणा आणि दोरीने न उचलता गोल जाळीने वर घ्या. टॉवेल डोक्यावर टाका. अंधार झाला की तो शांत होतो. पंख अंगाशी मिटून धरा, चोच दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा, नाकपुड्या मोकळ्या ठेवून. गळाचं टोक पुढे ढकलून बाहेर काढा, उलटा काटा पक्कडीने तोडा आणि उरलेला गळ मागे सरकवा. गळ गिळला असेल तर काढण्याचा प्रयत्न न करता तसाच पशुवैद्याकडे न्या. सोडण्याआधी पंखाखाली आणि पायाभोवती दोरीचा एखादा वेढा राहिला नाही ना, ते बोटाने चाचपून बघा. ओलं नायलॉन पिसांत डोळ्यांना दिसत नाही.